सही शेवटी बघा: अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सेनानींचे कागद कसे घ्यावेत, पारखावेत आणि जपावेत

जुन्या सह्या जमवायला लागलेला माणूस कागद हातात आला की थेट सहीकडे वळतो. मुरलेला संग्राहक उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी कागद, मग शाई, मग मजकूर, मग मागचा शेरा, आणि सगळं जुळलं तरच सही. याला कारण आहे. बनावट कागद करणारा सहीचा सराव महिनोन् महिने करतो. त्या काळातल्या लष्करी कचेरीचा कारभार कसा चालायचा याचा अभ्यास मात्र तो क्वचितच करतो. म्हणून तो सहीत कमी आणि तारखेत, हुद्द्यात, चलनाच्या हिशेबात जास्त सापडतो.

इथे विषय १७७५ ते १७८३ च्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनाधिकाऱ्यांचा आहे. पुढे भारतात आलेल्या त्यांच्या ब्रिटिश प्रतिस्पर्ध्यांचाही थोडा आहे, कारण त्यांचे कागद आपल्याला जास्त जवळचे पडतात.

कोणाची सही मिळते, कोणाची नाही

किंमत कीर्तीवर ठरते, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी माणूस किती जगला आणि युद्धानंतर कोणत्या खुर्चीवर बसला यावर ठरते. हेन्री नॉक्स युद्धानंतर १७८५ ते १७९४ युद्धखात्याचा प्रमुख होता. बेंजामिन लिंकन आधी युद्धसचिव होता, नंतर बोस्टन बंदराचा जकात अधिकारी झाला. टिमोथी पिकरिंग १७८० पासून लष्कराचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे रसदप्रमुख, आणि पुढे परराष्ट्रमंत्री. अशा माणसांनी आयुष्यभर कागदांवर सह्या केल्या, त्यामुळे त्या आजही वाजवी दरात मिळतात.

उलट जोसेफ वॉरन १७ जून १७७५ ला बंकर हिलवर पडला. रिचर्ड माँटगोमेरी त्याच वर्षाच्या अखेरीस क्वेबेकच्या तटाखाली गेला, ह्यू मर्सर जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स्टनच्या जखमांनी. यांच्या सह्या दुर्मिळ आहेत आणि तशाच महागही. नॅथनिएल ग्रीन युद्ध जिंकून १७८६ मध्येच वारला, म्हणून त्याचे कागद नॉक्सपेक्षा पुष्कळ वरच्या भावाने जातात. बेनेडिक्ट अर्नोल्डचं वेगळंच आहे. तो ब्रिटिशांना फितूर झाला, त्यामुळे त्याच्या प्रत्येक चिठ्ठीला भाव आहे, आणि त्याच कारणाने बनावटीही खूप आहेत.

सुरुवातीलाच हद्द आखून घ्या: एक वसाहत, एक खातं किंवा एक मोहीम. 'क्रांतिकाळातलं जे मिळेल ते' असा संग्रह दोन वर्षांत अडगळ होतो, आणि विकायला काढला की पडेल भावाने जातो.

पहिला कागद: कनेक्टिकटचा पे-ऑर्डर

सुरुवातीला यासारखा शिकवणारा कागद नाही. कनेक्टिकटमध्ये सैनिकांचे आणि पुरवठ्याचे हिशेब तपासायला हार्टफर्ड इथे पे-टेबल ऑफिस होतं. तिथल्या समितीचे सदस्य खजिनदार जॉन लॉरेन्सच्या नावे आदेश काढत: अमक्याला अमुक पौंड, शिलिंग, पेन्स द्यावेत आणि ते राज्याच्या खाती टाकावेत. अर्धा मजकूर छापील, अर्धा हाताने भरलेला. खाली समितीच्या दोघा-तिघांच्या सह्या. मागच्या बाजूला पैसे मिळाल्याची पोच म्हणून सैनिकाची किंवा अधिकाऱ्याची सही, लिहिता येत नसेल तर फुलीची निशाणी.

पैसे चुकते झाले की कागद रद्द करत, म्हणून त्यावर भोक किंवा चीर दिसते. ती नसेल तर हरकत नाही, पण असेल तर तिला खोट समजू नका. ती कागद खरोखर वापरात आल्याची खूण आहे. भोक नेमकं सहीतून गेलं असेल तर किंमत पडते, तेवढंच.

समितीतल्या माणसांची नावं पाठ करून ठेवा: ऑलिव्हर एल्सवर्थ, ऑलिव्हर वोल्कॉट ज्युनियर, फेन वॉड्सवर्थ, एलिएझर वेल्स, विल्यम मोझली, हेझकाया रॉजर्स. एल्सवर्थ पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला, वोल्कॉट अर्थमंत्री. साधे पे-ऑर्डर साधारण शंभर ते चारशे डॉलरच्या पट्ट्यात मिळतात. मागची पोच एखाद्या नामांकित कर्नलची किंवा जनरलची असेल तर भाव बराच चढतो.

इथेच सगळ्यात नेहमीची फसगत होते. बऱ्याचदा ती विक्रेत्याच्या अज्ञानातून होते, लबाडीतून नव्हे. ऑलिव्हर वोल्कॉट दोन आहेत. थोरला १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, धाकटा पे-टेबलवरचा. धाकट्याचा कागद 'जाहीरनाम्याचा स्वाक्षरीकार' म्हणून तिप्पट-चौपट भावाने मांडलेला दिसेल. जोनाथन ट्रंबुलही दोन: बाप कनेक्टिकटचा गव्हर्नर, मुलगा वॉशिंग्टनचा सचिव. क्लिंटन तर तीन जण, जेम्स आणि जॉर्ज अमेरिकन, सर हेन्री ब्रिटिश. हाऊंमध्ये रॉबर्ट अमेरिकन, विल्यम ब्रिटिश. नाव वाचून पैसे मोजू नयेत. हुद्दा, ठिकाण आणि तारीख तिन्ही बघून माणूस ठरवावा.

कागदाचे प्रकार आणि कॅटलॉगातली अक्षरं

लिलावाच्या यादीत ए.एल.एस. असेल तर पत्र पूर्णपणे त्याच माणसाच्या हातचं आणि खाली त्याची सही. एल.एस. असेल तर मजकूर कारकुनाचा किंवा मदतनीसाचा, सही मात्र त्याची. डी.एस. म्हणजे पावती, आदेश, सनद असा सहीचा दस्तऐवज, आणि ए.डी.एस. म्हणजे तसाच दस्तऐवज, पण अथपासून इतिपर्यंत स्वहस्ते लिहिलेला. नुसती कापून घेतलेली सही सर्वांत स्वस्त. ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण पारखायला जे हाताशी लागतं ते सगळं कात्रीबरोबर गेलेलं असतं.

वॉशिंग्टनच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा. युद्धकाळातली त्याची बहुतेक पत्रं अलेक्झांडर हॅमिल्टन, टेंच टिल्गमन, रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, डेव्हिड हम्फ्रीज अशा मदतनीसांच्या हातची आहेत. मजकूर वॉशिंग्टनच्या अक्षरात नाही म्हणून कागद खोटा ठरत नाही. उलट १७७७ चं लांबलचक लष्करी पत्र संपूर्ण त्याच्याच हातचं म्हणून कोणी पुढे केलं, तर जास्त सावध व्हावं.

त्याच्या सहीचा सगळ्यात 'घरगुती' कागद म्हणजे १७८३ चं सैनिकाला दिलेलं मुक्तिपत्र. छापील नमुना, वर सेनापतीचं नाव आणि पदवी, मध्ये सैनिकाचं नाव आणि रेजिमेंट, खाली वॉशिंग्टनची सही, शेजारी सचिव म्हणून ट्रंबुल ज्युनियरची, आणि रेजिमेंटच्या वहीत नोंद केल्याबद्दल अॅडज्युटंटची, म्हणजे रेजिमेंटचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याची. ज्यांनी दीर्घ निष्ठावंत सेवा केली त्यांच्या पत्रात 'बॅज ऑफ मेरिट' मिळाल्याची छापील ओळ भरलेली असते. मागे बारीक छापलेली सूचना बघायला विसरू नका: शांतता तहाला अंतिम मंजुरी मिळेपर्यंत हा कागद मुक्तिपत्र म्हणून चालणार नाही, अशा अर्थाची. तारखा बहुतेक जून १७८३ च्या. हे कागद सैनिकांनी वर्षानुवर्षं घडी घालून खिशात बाळगले, त्यामुळे घड्यांवर फाटलेले आणि मागून कापड किंवा कागद चिकटवलेले असतात. कोरा करकरीत नमुना समोर आला तर हरखून जाऊ नका, जास्त तपासा. याच्या किंमती हजारांत नाही, दहा हजार डॉलरच्या पुढे बोलल्या जातात.

सोसायटी ऑफ द सिनसिनाटी या क्रांतियुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या सनदा चर्मपत्रावर छापलेल्या आहेत. त्यावर अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनची आणि सचिव म्हणून नॉक्सची सही. उन्हात टांगून ठेवल्यामुळे बऱ्याच सनदांवरची शाई जवळजवळ उडालेली असते. फिकट सही कोणीतरी नंतर गिरवलेली नाही ना, ते भिंगाखाली पाहा. गिरवलेली असेल तर मूळ फिकट रेघ नव्या रेघेच्या कडेला डोकावते.

काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या मध्यवर्ती सभेने, दिलेल्या अधिकारपदाच्या सनदांवर सभेच्या त्या वेळच्या अध्यक्षाची सही आणि सचिव चार्ल्स थॉमसनची साक्ष असते. जॉन हॅनकॉक मे १७७५ ते ऑक्टोबर १७७७, मग हेन्री लॉरेन्स डिसेंबर १७७८ पर्यंत, मग जॉन जे, सप्टेंबर १७७९ पासून सॅम्युएल हंटिंग्टन. हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्म्या भोंगळ बनावटी तारखेवरच गळतात.

पारख: हत्यारं थोडी, वेळ जास्त

दहापट भिंग, साठपटीपर्यंत जाणारा यूएसबी सूक्ष्मदर्शक, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, चित्रकार वापरतात तो एलईडी ट्रेसिंग पॅड आणि मिलिमीटरची पट्टी. एवढ्यावर भागतं.

कागद पॅडवर ठेवा. त्या काळचा लिहिण्याचा कागद चिंध्यांचा, तारांच्या साच्यावर हाताने काढलेला. उजेड पलीकडून आला की साधारण दोन ते तीन सेंटीमीटर अंतरावर उभ्या जाड रेषा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेषा दिसतात. अशी रेषांची जाळी नसलेला, सपाट विणीचा कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात निघाला असला तरी अमेरिकन लष्करी कचेऱ्यांत त्या युद्धकाळात तो सहसा दिसत नाही. १७७८ चा रसद आदेश सपाट कागदावर असेल तर उत्तर विक्रेत्याने द्यायचं, तुम्ही नव्हे. जलचिन्ह दिसलं तर फोटो काढून ठेवा: ब्रिटानियाची आकृती, मुकुटाखाली जी.आर. ही अक्षरं, किंवा गिरणीवाल्याची आद्याक्षरं. अतिनील उजेडात कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरचं उजळवणारं रसायन आहे. विषय तिथेच संपला.

पण कागद जुना आहे म्हणजे लिखाण जुनं, असं मुळीच नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पानं आणि जुन्या वह्यांची रिकामी पृष्ठं हा बनावटखोराचा कच्चा माल. म्हणून शाईकडे यायचं.

त्या काळची शाई माजूफळ, हिराकस आणि डिंक यांची. ती लिहिताना फिकट असते, हवा लागल्यावर काळी पडते आणि दीडदोनशे वर्षांत तपकिरी होते. आपल्याकडच्या मोडी कागदांवरची काजळाची शाई कागदाच्या पृष्ठभागावर बसते, ही मात्र धाग्यात शिरते आणि त्यांना खाते. त्यामुळे खऱ्या कागदात जाड रेघा मागच्या बाजूला उमटलेल्या दिसतात, कधी रेघेभोवती तपकिरी प्रभावळ असते, तर कधी शब्दच गळून खिडकी पडलेली असते. सगळीकडे सारख्याच छटेचा तपकिरी रंग दिसला तर शंका घ्या. पिसाच्या लेखणीने लिहिणारा दर चार-सहा शब्दांनी टाक बुडवायचा, त्यामुळे ओळ गडद सुरू होते, फिकी होत जाते, पुन्हा गडद होते. नक्कल करणारा रंग सांभाळत लिहितो आणि ही लय हरवते. पोलादी निबेने दाब दिला की रेघेच्या दोन्ही कडांना खोल चर पडतात. अशा निबा सर्रास वापरात आल्या त्या एकोणिसाव्या शतकात.

आता घड्या. कागद आधी लिहिला, मग दुमडला, हा नेहमीचा क्रम. शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेलं सरस घडीवर मोडतं आणि धागे उघडे पडतात. आधीच दुमडलेल्या जुन्या कागदावर कोणी आज लिहिलं तर घडीपाशी शाई फुटून पसरते. भिंगाखाली घडी आणि रेघ जिथे एकमेकांना छेदतात ती जागा सावकाश बघा. या एकाच ठिकाणी जितकी लबाडी उघडी पडते तितकी सहीच्या वळणात पडत नाही. घडी नसली तरी तोच नियम. दोनशे वर्षांत सरस अशक्त होतं, म्हणून नवी शाई रेघेच्या कडांना केसासारख्या बारीक शाखा सोडते.

मार्क हॉफमन या अमेरिकन बनावटखोराने १९८० च्या दशकात जुना कागद आणि घरी केलेली शाई वापरून तज्ज्ञांनाही गंडवलं. त्याची शाई रसायनांनी जुनी केलेली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारख्या भेगा दिसल्या. तेव्हापासून भेगांची तपासणी हा नेहमीचा भाग झाला.

मग मजकूर वाचा, आणि हिशेबनीसाच्या नजरेने वाचा. स्पॅनिश डॉलरचा भाव प्रत्येक वसाहतीत वेगळा होता: न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनियात सहा शिलिंग, पेनसिल्व्हेनियात साडेसात, न्यूयॉर्कमध्ये आठ. काँटिनेंटल सेनेतल्या साध्या शिपायाचा महिना पगार ६⅔ डॉलर. तो कनेक्टिकटच्या हिशेबात बरोबर ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड होतो. न्यूयॉर्कच्या हिशेबात तोच दोन पौंड, तेरा शिलिंग, चार पेन्स. हार्टफर्डच्या कागदावर न्यूयॉर्कचा भाव लावलेला असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. अर्थात युद्धाच्या मध्यावर कागदी चलन इतकं घसरलं की आकडे फुगलेले दिसतात. तिथे कागदात कोणतं चलन म्हटलंय ते आधी वाचावं.

ठिकाण आणि तारीखही तपासून घ्या. वॉशिंग्टनचं मुख्यालय १९ डिसेंबर १७७७ ते १९ जून १७७८ व्हॅली फोर्जला होतं, १७७९-८० चा हिवाळा मॉरिसटाउनला, एप्रिल १७८२ ते ऑगस्ट १७८३ न्यूबर्गला. फेब्रुवारी १७७८ चं न्यूबर्गचं पत्र म्हणून कोणी दाखवलं तर नमस्कार करून उठावं. हुद्द्यांचंही तसंच. ग्रीन मार्च १७७८ ते ऑगस्ट १७८० क्वार्टरमास्टर जनरल होता, त्यानंतर पिकरिंग. स्टॉयबेन मे १७७८ मध्ये इन्स्पेक्टर जनरल झाला. लाफायेत आधी मार्क्वी हा किताब लावून सही करायचा, फ्रान्समध्ये १७९० ला सरदारकी रद्द झाल्यावर नुसतं 'लाफायेत'.

त्या काळी लिफाफे नव्हते. पत्राचाच ताव दुमडून बाहेर पत्ता लिहीत आणि लाखेने बंद करत. उघडताना लाखेपाशी कागदाचा तुकडा फाटतो, म्हणून पत्त्याच्या पानाला त्याच जागी भोक असणं स्वाभाविक आहे. मागे मिळणाऱ्याच्या कारकुनाचा शेरा असतो: कोणाकडून, कोणत्या तारखेचं, कशाबद्दल. तो वेगळ्या हाताचा आणि बहुधा वेगळ्या शाईचा हवा. मजकूर आणि शेरा एकाच हातचे असतील तर तो खुलासा मागण्याचा मुद्दा आहे.

एवढं सगळं पार पडल्यावर सही. ती एका नमुन्याशी नव्हे, त्याच वर्षातल्या निदान पाच-सहा नमुन्यांशी ताडून बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने वॉशिंग्टनचे कागद जालावर खुले ठेवले आहेत. पिकरिंग आणि जनरल हीथचे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत, जनरल गेट्सचे 'द न्यूयॉर्क हिस्टॉरिकल' या संस्थेत (२०२४ पर्यंतची न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी), ब्रिटिश बाजूचे जनरल गेज आणि सर हेन्री क्लिंटन अॅन आर्बरच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात. नमुना आणि सही हुबेहूब जुळली तर आनंद मानू नका. माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. मिलिमीटरला मिलिमीटर जुळणारी सही ट्रेस केलेली किंवा छापलेली असते.

जुने ओळखीचे ठग

रॉबर्ट स्प्रिंग हा फिलाडेल्फियाचा पुस्तकविक्रेता. त्याने एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टनचे ढिगाने कागद 'तयार' केले: रामापोच्या चौकीतून ये-जा करण्याचे परवाने, आणि बॉल्टिमोरच्या ऑफिस ऑफ डिस्काउंट अँड डिपॉझिटवरचे चेक. जुन्या पुस्तकांची कोरी पानं घ्यायची आणि कॉफीने डागवायची, अशी त्याची पद्धत. परदेशी गिऱ्हाइकांसाठी तो अमेरिकन यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन याच्या एका काल्पनिक मुलीच्या नावानेही पत्र टाकायचा. परवान्यांचा मजकूर जवळजवळ एकसारखाच, फक्त नावं बदललेली. त्यामुळे रामापोचा परवाना दिसला की तो स्प्रिंगचा, असं धरून चालावं आणि खरा असेल तर विक्रेत्याने सिद्ध करावं. गंमत म्हणजे स्प्रिंगच्या बनावटी आता स्वतःच जमवल्या जातात, मात्र तसं सांगून विकल्या तर. विसाव्या शतकातले जोसेफ कोसी आणि चार्ल्स वाइसबर्ग ही आणखी दोन नावं लक्षात ठेवा.

ठगांपेक्षा जास्त पैसे मात्र निरुपद्रवी वाटणाऱ्या छापील नकलांत जातात. संग्रहालयांच्या दुकानात मिळणारे पिवळट, चुरगळल्यासारखे, कडक वाजणारे 'चर्मपत्री' कागद आजोबांच्या पेटीतून निघाले की वारस खरे समजतात. भिंगाखाली शाईला खोली नसते, मागे काही उमटलेलं नसतं, कधी छपाईचे ठिपके दिसतात.

मालकी कोणाची

कागद अस्सल असला तरी तो विकणाऱ्याचा असेलच असं नाही. राज्यांची आणि राष्ट्राची दफ्तरं गेली दोनशे वर्षं गळत आली आहेत. सरकारी दफ्तरातून चोरीला गेलेला कागद कितीही हात बदलला तरी परत मागता येतो. हॅमिल्टनने लाफायेतला २१ जुलै १७८० ला लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्सच्या अभिलेखागारातून कधीकाळी नाहीसं झालं होतं. ते २०१८ मध्ये व्हर्जिनियात लिलावाला आलं, जप्त झालं, आणि न्यायालयाने मॅसॅच्युसेट्सच्या बाजूने कौल दिला. ते विकायला काढणाऱ्या वारसांच्या हाती काही लागलं नाही.

खुणा ओळखा: कोपरा सरळ कापलेला, बांधणीच्या वहीतून फाडल्यासारखी डावी कड, खोडलेला क्रमांक (अतिनील उजेडात तो पुष्कळदा परत दिसतो), शिक्क्याच्या जागी खरवडलेलं. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी अधिकाऱ्याला लिहिलेलं मूळ पत्र खासगी हातात कसं आलं, हा प्रश्न विचारायचाच. पत्र घरच्यांना किंवा व्यापाऱ्याला असेल तर तो प्रश्न बराच सौम्य होतो. घेताना पावतीवर कागदाचं पूर्ण वर्णन, तारीख, आधीच्या मालकांची माहिती आणि अस्सलपणाची मुदत नसलेली हमी लिहून घ्या. लिलावगृहांची हमी बहुधा ठरावीक मुदतीची असते, म्हणून पारख त्या मुदतीत उरकावी.

बोली लावताना हातोड्याची किंमत म्हणजे द्यायची किंमत नव्हे. चारशे डॉलरला हातोडा पडला आणि खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के असेल तर तिथेच पाचशे झाले. त्यावर पॅकिंग, विमा, टपाल आणि बँकेचा विनिमय खर्च. कमाल आकडा सगळं धरून ठरवावा आणि तो कागदावर लिहून समोर ठेवावा.

यॉर्कटाउनहून श्रीरंगपट्टणला

आता आपल्याकडे. चार्ल्स कॉर्नवॉलिसच्या फौजेने १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला शस्त्रं खाली ठेवली. पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात होता, आणि १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजांसोबत टिपूच्या श्रीरंगपट्टणसमोर. यॉर्कटाउनच्या वेढ्यात तटाबाहेर छापा घालणारा रॉबर्ट अॅबरक्रॉम्बी १७९० मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या आधीचा गव्हर्नर विल्यम मेडोज अमेरिकेत ब्रँडीवाइनला लढलेला. मद्रासचा गव्हर्नर आर्चिबाल्ड कॅम्बेल हा १७७८ मध्ये सव्हाना घेणारा. डेव्हिड ऑक्टरलोनी तर जन्मानेच बोस्टनचा.

या मंडळींचे भारतातले कागद त्यांच्या अमेरिकेतल्या कागदांपेक्षा पुष्कळ जास्त निघतात आणि स्वस्त पडतात. कारण अमेरिकन संग्राहकाला १७८१ ची सही हवी असते, १७९१ ची नको असते. मराठी वाचणाऱ्याला नेमकी उलटी गोष्ट मोलाची, तर या फरकाचा फायदा घ्यावा.

सरदारी सह्यांचा घोळ मात्र समजून घ्या. ब्रिटिश सरदार नावाने नव्हे, किताबाने सही करतो, आणि किताब बदलला की सही बदलते. बंकर हिल आणि कॅमडनला लढलेला फ्रान्सिस रॉडन हाच १८१७-१८ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धातला लॉर्ड हेस्टिंग्ज. अमेरिकेत तो 'रॉडन' अशी सही करतो, १७९३ ला बाप वारल्यावर 'मॉइरा', आणि १८१७ पासून 'हेस्टिंग्ज'. १७८० च्या कागदावर 'मॉइरा' किंवा १८०५ च्या कागदावर 'हेस्टिंग्ज' दिसलं तर तो त्याचा नाही. आणि 'हेस्टिंग्ज' दिसलं की वॉरन हेस्टिंग्ज समजण्याची चूक यादी करणारे सर्रास करतात. कधीकधी ती खरेदीदाराच्या पथ्यावरही पडते.

इंग्लंडमधून मागवताना लक्षात ठेवा: तिथून पन्नास वर्षांहून जुनी हस्तलिखितं बाहेर काढायला निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो. तो विक्रेत्याने काढायचा. 'पुस्तक' म्हणून पाठवतो असं म्हणणारा विक्रेता टाळा.

मुंबई-कोकणच्या हवेत जपणूक

माजूफळाच्या शाईचा शत्रू दमट हवा. ओल आली की शाईतलं लोह आणि आम्ल कागदात पसरतं आणि धागे तुटायला लागतात. म्हणून असा कागद धुणं, वाफ देऊन सरळ करणं, दमट टिपकागदात दाबणं, यातलं काहीही घरी करू नये. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के आणि तापमान १८ ते २० अंश हे आदर्श. मुंबईच्या पावसाळ्यात ते चोवीस तास साधत नाही. दिवसा एसी आणि रात्री बंद, असा चढउतार तर स्थिर ५५ टक्क्यांपेक्षा वाईट. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार करून परत ठेवायचं. मापक ३५ च्या खाली जाऊ देऊ नका, चर्मपत्र असेल तर ते आखडतं.

प्रत्येक कागद दोन कडा उघड्या असलेल्या पॉलिस्टर पाकिटात, ते आम्लरहित फोल्डरमध्ये, आणि फोल्डर आडवे. पीव्हीसीची पाकिटं शाई ओढून घेतात, वास आला तरी ओळखू येतात. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही लावलं की कागदाची किंमत आणि आयुष्य दोन्ही गेलंच. घडी फाटली असेल तर जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने सांधणारा प्रशिक्षित संवर्धक शोधा. डांबरगोळ्या ठेवू नका. कसर आणि वाळवीसाठी डबा भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवणं पुरतं. बँकेचे तळघरातले लॉकर बहुधा दमट असतात.

टांगायची हौस असेल तर रंगीत स्कॅन टांगा. दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआय स्कॅन, तिरप्या उजेडातला एक फोटो आणि पावती, हे वेगळ्या जागी ठेवा. विम्याला आणि चोरी झाल्यास ओळख पटवायला तेच लागतं. कागदावर काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, मागे, कोपऱ्यात.

भारतात आणायचा की नाही

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, तेव्हा पैशांची अडचण सहसा येत नाही. अडचण कागदाची आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या पुरातन वस्तू घेत नाहीत. आणि 'दस्तऐवज, किंमत दहा डॉलर' असं लिहून पाठवलं तर हरवल्यावर विमा मिळत नाही, शिवाय जकातीत खोटी घोषणा ठरते. खरी किंमत, खरं वर्णन आणि वय लिहूनच आणावं, आणि आधी कस्टम्स दलालाला विचारून घ्यावं.

त्याहून मोठा मुद्दा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा. ऐतिहासिक मूल्याचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज त्यात पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे नॉक्सचं पत्र हौसेने पुण्यात आणलं आणि दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या लिलावात विकायचं ठरवलं, तर वाट अडू शकते. त्या मालाचं खरं गिऱ्हाईक अमेरिकेतच आहे. म्हणून अमेरिकन सेनानींचे महागडे कागद घ्यायचेच असतील तर न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकाच्या घरी, त्याच्या विम्यात नोंदवून ठेवावेत. कॉर्नवॉलिस, अॅबरक्रॉम्बी आणि हेस्टिंग्ज मात्र खुशाल इकडे आणावेत, त्यांचे वाचक इथे आहेत.